पेढीवरची पारख आणि अमळनेरचे शेअर

यावल, फैजपूर, सावदा या पट्ट्यातील जुन्या पेढ्यांवर एखाद्या दुकानाची किंमत ठरविण्याची रीत साधी होती. रोजमेळ व खतावणी पाहावी, गोदामातील माल मोजावा, उधारी किती व ती वेळेवर वसूल होते काय याची चौकशी करावी. आणि शेवटी गादीवर बसणारी पुढची पिढी कशी आहे, ते न्याहाळावे. पहिल्या तीन गोष्टी वहीत सापडत. चौथी मात्र पारखणाऱ्याच्या नजरेवर सोडलेली असे.

कंपन्यांच्या शेअरची पारखही याहून फार निराळी नाही, हे आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात दिसते. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेर येथे 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. खानदेशातील भुईमूग आणि तापी खोऱ्यातून जाणारा सुरत-भुसावळ लोहमार्ग ही तिची बलस्थाने. वनस्पती तूप व '७८७' साबण ही तिची उत्पादने. तिचे शेअर अमळनेरच्या अनेक सामान्य घरांत गेले. ज्या कारखान्याचा भोंगा रोज कानी पडतो, त्याचा कागद पेटीत ठेवण्यास लोकांना संकोच वाटला नसावा.

१९६६ मध्ये संस्थापकांचे निधन झाले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून परतले. त्या काळच्या वार्षिक सभेत एका भागधारकाने, हा कारभार आपणास झेपणार नाही, आपले शेअर विकून जाणत्या हाती कंपनी द्यावी, असे त्यांना सुनावल्याचे प्रसिद्ध आहे. आज त्या भागधारकास हसणे सोपे आहे. परंतु तूप-साबणाचा कारखाना आणि अननुभवी तरुण, एवढेच समोर असताना त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

सरकारी मूल्यमापनही मागेच पाहत असे. १९९२ पर्यंत नव्या शेअरची विक्री-किंमत भांडवल नियंत्रकाच्या संमतीने ठरे. निव्वळ मालमत्ता किती आणि मागील वर्षांचा सरासरी नफा किती, यांवर त्याचे गणित चाले. उद्याच्या धंद्याला त्या सूत्रात फारसे स्थान नव्हते. आय.बी.एम. भारतातून गेल्यावर विप्रो संगणकाकडे वळली. त्याची चाहूल १९८० च्या ताळेबंदात शोधून सापडली नसती. १९८० मध्ये ज्याच्याजवळ शंभर शेअर होते आणि ज्याने ते विकले नाहीत, त्याचे बोनस व विभाजन धरून २०१० पर्यंत ९६ लाख शेअर झाले.

मग पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. फेब्रुवारी २००० मध्ये हाच शेअर वार्षिक नफ्याच्या शेकडो पटींनी विकला जात होता. विक्री १९९९-२००० मध्ये सुमारे २,३०० कोटी रुपये होती, ती दहा वर्षांत सुमारे २७,००० कोटींवर गेली. म्हणजे वाढीचे भाकीत खरे ठरले! तरीही त्या शिखरावर घेणाऱ्यास, बोनस हिशेबात धरूनही, मूळ भाव पुन्हा पाहण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली. कंपनी ओळखण्यात त्याची चूक नव्हती. वीस वर्षांची वाढ त्याने एकदम आगाऊ मोजून दिली होती.

यावलच्या वाचकास अधिक जवळचे उदाहरण जळगावचे आहे. भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये ७,००० रुपयांवर रॉकेलच्या व्यापारास आरंभ केला. पुढे पी.व्ही.सी. पाइप, ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित केळीची रोपे आली. हा माल आपल्या भागातील केळीबागांत डोळ्यांदेखत काम करीत होता. मागणीविषयी शंका घेण्यास जागाच नव्हती, आणि आपल्या माणसाच्या यशाचा अभिमान वेगळाच. मात्र ठिबकवरील सरकारी अनुदानाची रक्कम राज्यांकडून येण्यास विलंब होई. तोवर धंदा कर्जावर चाले. भवरलालजींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, कंपनीची कर्जफेड थकली. २०२२ मध्ये बँकांशी पुनर्रचना झाली आणि २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय 'रिव्ह्युलिस' या कंपनीत विलीन करून कर्जाचा भार हलका करण्यात आला. माल उत्तम होता, गिऱ्हाईक दारात होते. अडले ते उधारीच्या खात्यावर.