माणसाचे मोजमाप



माणूस आणि यंत्र ह्यांविषयी मी बोलावे, अशी आपली इच्छा. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावरच्या सभांत पुष्कळ झाले. तेव्हा तत्त्वज्ञान सांगण्यापेक्षा आपल्या दोन तालुक्यांचा इतिहासच आपणांपुढे ठेवतो.

बारामती आणि इंदापूर हा मूळचा अवर्षणाचा टापू. येथे ऊस वाढला तो नीरा डाव्या कालव्यामुळे. १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून ह्या कालव्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ मध्ये पाणी वाहू लागले. कालव्याचा उतार, पाण्याचे घनफूट, सारे काटेकोर मोजलेले. त्याच दुष्काळात मजुराच्या पोटाचेही माप काढले गेले. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा एवढ्यावर मजूर जगेल, असा हिशेब सर रिचर्ड टेंपल ह्यांनी मांडला. पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठविला आणि १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील हजारो मजूर सरकारी कामे सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संप मला मानवतावादाचा पहिला धडा वाटतो.

१९३० नंतर वालचंद हिराचंद ह्यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविले. पुढे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. वालचंदनगरात तर अग्निबाणांचे भागही घडू लागले. यंत्राने ह्या मुलखात भाकरी आणली, हे मी कसे नाकारू? यंत्र मोडा, असे मी कोणत्याही सभेत म्हटलेले नाही.

मात्र ऊस तोडल्यावर त्यातली साखर तासागणिक उतरते, म्हणून गाळप रात्रंदिवस चालू ठेवावे लागते. ह्या घाईचा भार वाहतो तो बीडकडून येणारा ऊसतोड कामगार. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. एकदा रात्री फडात मी मुकादमाला विचारले, "टोळीत माणसं किती?" तो म्हणाला, "बारा कोयते." मी पुन्हा विचारले, "अहो मुकादम, माणसं किती?" तेव्हा तो मोजायला बसला, आणि पाचटावर निजलेली पोरे धरावीत की नाहीत, हे त्याला उमगेना.

माणूस हेच सर्व वस्तूंचे माप, असे प्रोटॅगोरस हा ग्रीक विचारवंत मानी. मानवेंद्रनाथ रॉय ह्यांनी तोच विचार आपल्या नवमानवतावादात जवळ केला. आपल्या फडात मात्र हत्याराने माणूस मोजला जातो. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दुखणे आले तर खाडा पडेल आणि उचल फिटणार नाही, ही धास्ती त्यामागे होती.

आता फडात तोडणीयंत्र आले आहे. उसाला पाणी केव्हा हवे, हे कृत्रिम बुद्धिमत्तेने ओळखण्याचे प्रयोग बारामतीत चालले आहेत. मला त्याचा आनंद आहे. पण जे शास्त्र मुळाशी असलेली ओल मोजते, त्याला ऊस तोडणाऱ्या बाईचा ताप मोजणे का जमू नये? त्याला ते काम आपण सांगितलेलेच नाही.

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्याने गिरण्या बुडाल्या नाहीत. आपली मागणीही अशीच साधी आहे. करारात आणि नोंदवहीत 'कोयता' न लिहिता नवऱ्याचे आणि बायकोचे अशी दोन नावे लिहावीत. मजुरी दोघांच्या हाती वेगवेगळी द्यावी. आणि यंत्राने ज्यांचे काम जाईल त्यांना दुसरे काम लावून मगच यंत्र फडात उतरवावे.

पुढच्या गळिताच्या आधी आपण हे मनावर घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.