औषधपत्रांतील संक्षेपचिन्हे : उगम आणि परिणाम

औषधपत्रावर आढळणारी ‘बी. डी.’, ‘टी. डी. एस.’, ‘एस. ओ. एस.’ ही अक्षरे इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे असावीत, असा समज सामान्यतः आढळतो. वस्तुतः ती लॅटिन वचनांची संक्षिप्त रूपे होत. ‘बिस दिए’ म्हणजे दिवसातून दोनदा. ‘तेर दिए सुमेंदुस’ म्हणजे दिवसातून तीनदा घ्यावयाचे. ‘सी ओपुस सित’ म्हणजे गरज पडल्यास. औषधपत्राच्या शिरोभागी असणारे, आर या अक्षराच्या पायाला छेद दिलेले चिन्ह हे ‘रेसिपे’, म्हणजे ‘घे’, या आज्ञार्थी क्रियापदाचे होय. ही आज्ञा रोग्याला उद्देशून नसून औषध सिद्ध करणाऱ्याला उद्देशून आहे. प्रस्तुत विषयाचे मर्म या एका गोष्टीत आहे.

लंडनच्या वैद्यसंस्थेने १६१८ मध्ये प्रसिद्ध केलेला औषधिकोश लॅटिनमध्ये होता. निकोलस कल्पेपर याने १६४९ मध्ये संस्थेच्या अनुमतीवाचून त्याचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा तिचा रोष त्याने ओढवून घेतला. पुढे १८६४ चा ब्रिटिश फार्माकोपिया इंग्रजीतच निघाला. ग्रंथाची भाषा अशी पालटली. औषधपत्रांतील संक्षेप मात्र टिकून राहिले.

संक्षेपामागील शब्द लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास सारखाच ठाऊक असेल, तोवरच संक्षेप सुरक्षित असतो. तो शब्द विस्मृतीत गेला की उरलेल्या अक्षरांना कोणताही अर्थ चिकटू शकतो. ‘ओ. डी.’ याचा अर्थ ब्रिटिश परंपरेत ‘रोज एकदा’, तर अमेरिकन परंपरेत ‘उजवा डोळा’ असा होतो. चिन्हांच्या आकारसाम्याचा धोका तर जुनाच आहे. ड्रॅम व औंस यांची चिन्हे एका फाट्याच्या फरकाने वेगळी. परंतु औंस म्हणजे आठ ड्रॅम. दशमान पद्धतीने हा घोटाळा संपविला. तथापि इन्शुलिनच्या मात्रेपुढे ‘युनिट’ऐवजी लिहिलेले ‘यू’ हे अक्षर शून्यासारखे वाचले जाऊन दहाची मात्रा शंभर होण्याचे भय निर्माण झाले. म्हणूनच अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये अशा काही संक्षेपांची निषिद्ध यादी लागू केली.

आपल्याकडे इंग्रजी वैद्यकशिक्षणाबरोबर हीच परिभाषा आली. दवाखान्यातील कंपाउंडर मिश्रण तयार करी, बाटलीवर मात्रांच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवी आणि केव्हा घ्यावयाचे ते मराठीत सांगे. लॅटिन अक्षरे व निरक्षर रोगी यांच्यामध्ये असा एक दुभाषी उभा होता. तयार गोळ्यांचे युग आले आणि हा दुभाषी बहुतांशी नाहीसा झाला. औषधपत्र सरळ रोग्याच्या हाती पडले. तत्कालीन भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१६ मध्ये औषधांची मूळ नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहावीत असा नियम केला. त्यात औषधाच्या नावाचा विचार झाला. वेळ व मात्रा दर्शविणाऱ्या संक्षेपांचा मात्र उल्लेख नाही.

यावरून असे दिसते की, या दोषाचे खापर केवळ वैद्याच्या हस्ताक्षरावर फोडणे योग्य नव्हे. दोन विद्वानांनी एकमेकांशी बोलावयाची ही भाषा होती. आज तिचा वाचक तिसराच आहे, आणि चुकीच्या वाचनाचे मोल त्यालाच द्यावे लागते. ‘रोज दोनदा, जेवणानंतर’ एवढे शब्द पूर्ण लिहिण्यास जी चार क्षणांची तोशीस पडते, ती या मोलापुढे अल्पच म्हटली पाहिजे.