विजयाच्या वाटणीची कुळकथा

दर चार वर्षांनी, अध्यक्षीय निवडणुकीचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच, अमेरिकेच्या राजधानीत सरकारी खर्चाने एक ग्रंथ प्रसिद्ध होत आला. या ग्रंथाला कथानक नाही, नायक नाही आणि रसपरिपोष तर नाहीच नाही. असतात ते केवळ रकाने : पदाचे नाव, ठिकाण, सध्या त्या जागेवर विराजमान असलेल्या गृहस्थाचे नाव, नेमणुकीचा प्रकार, वेतनश्रेणी आणि मुदत. मंत्री, राजदूत आणि त्यांचे खाजगी चिटणीस धरून, स्पर्धापरीक्षेची वाट चुकवून ज्या भरता येतात अशा सुमारे ९००० जागांची ही जंत्री असते, आणि त्यांपैकी ४००० च्या आसपास जागा निव्वळ राजकीय मर्जीच्या असतात. १९५२ साली, वीस वर्षे सत्तेबाहेर तिष्ठत राहिलेला रिपब्लिकन पक्ष आयझेनहॉवरच्या मागोमाग राजधानीत शिरला तेव्हा, आपल्या हाती नेमके काय काय लागले आहे याचा त्यालाच अंदाज येईना. म्हणून ही यादी प्रथम सिद्ध झाली, आणि ‘प्लम बुक’ या नावाने तिची परंपरा सुरू झाली. लोकशाहीतील विजयाचे इतके काटेकोर पगारपत्रक अन्यत्र क्वचितच सापडेल. परंतु एके काळी पोस्टमास्तरापासून जकातघरात वजन करणाऱ्यापर्यंत अख्खे सरकारच ज्या रूढीच्या पोटात सामावले होते, त्या रूढीचा हा केवळ उरलासुरला अवशेष आहे. तिचे कूळ शोधू गेल्यास आपल्याला दोनशे वर्षे मागे जावे लागते.

राष्ट्राच्या आरंभीच्या काळात सरकारी जागा थोड्या होत्या, आणि त्या सुस्थितीतल्या, शिकलेल्या घराण्यांकडे एखाद्या वतनासारख्या चालत असत. १८०१ साली जेफरसन सत्तेवर आला तेव्हा प्रतिपक्षाची माणसे सगळ्या खुर्च्या अडवून बसलेली त्याला दिसली, आणि मृत्यूने जागा क्वचित रिकाम्या होतात व राजीनाम्याने तर कधीच होत नाहीत, अशा आशयाची तक्रार त्या तत्त्वज्ञ पुरुषाला करावी लागली. पुढे १८२० च्या कायद्याने, खजिन्याचा पैसा हाताळणाऱ्या कित्येक अधिकाऱ्यांना चार वर्षांची मुदत घालून देण्यात आली. हेतू हिशेब वेळच्या वेळी तपासले जावेत एवढाच होता. पण निवडणूकही चार वर्षांनी आणि मुदतही चार वर्षांनी, हा योगायोग ज्यांच्या ध्यानात येऊ नये अशी माणसे राजकारणात सहसा पडत नाहीत.

४ मार्च १८२९ रोजी अँड्र्यू जॅक्सनने अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच्यामागून सामान्य जनांचा लोंढा व्हाइट हाउसमध्ये घुसला. चिखलाचे बूट घालून मंडळी रेशमी खुर्च्यांवर उभी राहिली, काचेची भांडी फुटली, आणि अखेर मद्याचे हंडे बाहेर हिरवळीवर नेऊन ठेवावे लागले तेव्हा कुठे गर्दी त्यांच्या मागोमाग बाहेर पडली. त्या गर्दीत जॅक्सनचे दर्शन घेण्यास आलेले पुष्कळ होते, पण खिशात शिफारसपत्र घेऊन आलेलेही कमी नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसला धाडलेल्या पहिल्या वार्षिक संदेशात जॅक्सनने या प्रकाराला तात्त्विक बैठक दिली. सरकारी कामे इतकी सोपी व सरळ असतात, निदान करता येतात, की कोणताही बुद्धिमान मनुष्य ती सहज शिकून घेऊ शकेल. सबब एकच व्यक्ती दीर्घकाळ खुर्चीवर राहण्याने होणारा तोटा अनुभवाच्या फायद्याहून मोठा आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. वंशपरंपरेने चाललेल्या मिरासदारीवर हा घाव होता आणि त्यात लोकशाहीचे सत्त्व होते, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात त्याने काढलेल्या माणसांची संख्या दहांत एकाच्या आसपास होती, म्हणजे त्याच्या नावाने पुढे जी दुष्कीर्ती झाली तिच्या मानाने बेताचीच. परंतु रूढीला जन्म देणारा तिचे पोषण करतोच असे नाही. ते काम नातवंडे करतात.

नामकरणविधी १८३२ च्या जानेवारीत सिनेटमध्ये झाला. इंग्लंडातील वकिलातीवर मार्टिन व्हॅन ब्यूरेनची नेमणूक मंजूर करावी की नाही यावर वाद चालला असता न्यू यॉर्कचा सिनेटर विल्यम मार्सी उठला, आणि शत्रूची लूट विजेत्याच्या मालकीची असते या नियमात आमच्याकडच्या राजकारण्यांना काही गैर दिसत नाही, असे त्याने निःसंकोचपणे सांगून टाकले. त्या दिवसापासून या पद्धतीला ‘लुटीची पद्धत’ हे नाव चिकटले. नाव किती यथार्थ होते हे न्यू यॉर्क बंदराच्या कलेक्टरने लवकरच सिद्ध केले. जॅक्सनने व्हॅन ब्यूरेनचा सल्ला डावलून नेमलेला सॅम्युएल स्वॉर्टवाउट हा कलेक्टर १८३८ मध्ये युरोपला रवाना झाला, आणि मागाहून हिशेब पाहता १२ लाखांहून अधिक डॉलरची अफरातफर उघडकीस आली. काम सोपे व सरळ असते हा जॅक्सनचा सिद्धांत त्याने आपल्या परीने खरा करून दाखवला, असेच म्हटले पाहिजे.

त्यानंतर पन्नास वर्षे ही व्यवस्था अव्याहत चालली. पक्ष बदलला की पोस्टमास्तर बदलत; आणि पक्ष तोच राहून केवळ गट बदलला, तरी पोस्टमास्तर बदलत. नव्या अध्यक्षाच्या जिन्यावर, दिवाणखान्यात आणि शयनगृहाच्या दारापर्यंत अर्जदारांची रांग लागे. यादवी युद्ध तोंडावर आले असतानाही लिंकनला आपला बहुमोल वेळ टपालकचेऱ्यांच्या वाटणीत घालवावा लागला. पुढे त्याला देवीचा सौम्य आजार झाला तेव्हा, आता माझ्याजवळ प्रत्येकाला देण्यासारखे काहीतरी आहे, असे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे.

मात्र जागा मिळाली म्हणजे सारे मिळाले असे नव्हे. मिळालेल्या जागेचे भाडेही भरावे लागे. पक्षाचा निवडणूक निधी मुख्यत्वेकरून सरकारी नोकरांच्या पगारातून उभा राही. १८८२ च्या मे महिन्यात रिपब्लिकन पक्षाच्या काँग्रेस निवडणूक समितीचा अध्यक्ष जे हबेल याने सरकारी कचेऱ्यांतून जे पत्र फिरवले, ते या शास्त्रातील आदर्श नमुना मानावे लागेल. पत्राची भाषा अत्यंत आर्जवी होती. वार्षिक वेतनाच्या शेकडा २ इतकी ‘ऐच्छिक’ वर्गणी अपेक्षित आहे, आणि अशी वर्गणी देण्यास वरिष्ठांकडून कोणतीही हरकत घेतली जाणार नाही, अशी ग्वाही त्यात होती. ज्यांच्या इच्छेने उशीर केला त्यांना पुढे स्मरणपत्रे गेली. वर्षाला १००० डॉलर मिळवणारा कारकून या हिशेबाने २० डॉलर देई, आणि त्या बदल्यात पुढल्या निवडणुकीपर्यंतची निश्चिंती विकत घेई; म्हणजे जनतेच्या खजिन्यातून निघालेला पैसा कारकुनाच्या खिशात क्षणभर विसावून पक्षाच्या तिजोरीत जाई, आणि तेथून जनतेलाच मत मागण्यासाठी बाहेर पडे.

या साऱ्या साम्राज्याची राजधानी न्यू यॉर्कचे जकातघर होते. आयात मालावरील जकात हे त्या काळी सरकारच्या उत्पन्नाचे मुख्य साधन, आणि त्या जकातीचा सिंहाचा वाटा या एका घरात जमा होई. सबब तेथील हजारभर जागा ज्याच्या हाती, त्याच्या हाती राज्याचा पक्ष. १८७१ पासून चेस्टर आर्थर नावाचा देखणा, शौकीन आणि मित्रांना न विसरणारा गृहस्थ तेथे कलेक्टर होता, व तो सिनेटर रॉस्को कॉन्कलिंगचा विश्वासू माणूस होता. अध्यक्ष हेज याने सुधारणेचा ध्वज उभारून १८७८ मध्ये आर्थरला बडतर्फ केले. दोनच वर्षांनी रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात छत्तिसाव्या फेरीअखेर जेम्स गारफील्डला उमेदवारी मिळाली, आणि रुसलेल्या कॉन्कलिंग-गटाची समजूत काढण्यासाठी उपाध्यक्षपदाचे ताट आर्थरपुढे वाढण्यात आले. जकातघर चालवण्यास अपात्र ठरलेला मनुष्य राष्ट्राचा उपाध्यक्ष होण्यास सर्वथा पात्र ठरला.

याच सुमारास चार्ल्स गिटो नावाचा, वकिली आणि धर्मोपदेश अशा दोन्ही धंद्यांत अपयशी ठरलेला एक विक्षिप्त इसम राजधानीत येऊन थडकला. त्याने निवडणुकीसाठी एक भाषण लिहिले होते; ते मुळात माजी अध्यक्ष ग्रँटसाठी होते, पण उमेदवारी गारफील्डला मिळाल्यावर नावे बदलून त्याने ते छापून घेतले होते. गारफील्ड आपल्याच भाषणामुळे निवडून आला अशी त्याची खात्री होती, आणि त्याचा मोबदला म्हणून व्हिएन्ना, निदान पॅरिस येथील कॉन्सलची जागा तो मागत होता. तो रोज परराष्ट्रखात्यात जाई, रोज हेलपाटा पडे. शेवटी परराष्ट्रमंत्री ब्लेन याने, पॅरिसची गोष्ट पुन्हा काढू नका, असे त्याला खडसावले. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर त्याने गारफील्डवर गोळ्या झाडल्या, आणि आता आर्थर अध्यक्ष होईल, असे पकडणाऱ्यांना सांगितले. न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपणाऱ्या वैद्यांच्या उपचारांखाली गारफील्ड अडीच महिने झिजला व १९ सप्टेंबरला मरण पावला. गिटोचे चित्त ठिकाणावर नव्हते हे खरे. परंतु भाषण लिहिल्याबद्दल वकिलातीत जागा मागावी ही कल्पना मात्र त्याच्या भ्रमिष्ट डोक्यातून निघालेली नव्हती, ती प्रचलित राज्यव्यवहारातून त्याने जशीच्या तशी उचलली होती.

सुधारकांना जे पंधरा वर्षांच्या व्याख्यानांनी साधले नव्हते ते या पिस्तुलाने साधले. सरकारी जागा स्पर्धापरीक्षेने भराव्यात अशा कायद्याचा मसुदा डॉर्मन ईटन या वकिलाने तयार केला. हेजच्या विनंतीवरून इंग्लंडात जाऊन त्याने तेथील मुलकी नोकरीचा अभ्यास केला होता आणि १८८० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला होता. त्या इंग्रजी पद्धतीचे एक मूळ मात्र हिंदुस्थानात होते. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक आपल्या भाच्यापुतण्यांना येथील जागा वाटत असत. तो हक्क १८५३ च्या सनदेने काढून घेण्यात आला, मेकॉलेच्या समितीने स्पर्धापरीक्षेची रूपरेषा आखली आणि १८५५ पासून लंडनमध्ये परीक्षा सुरू झाली. याच परीक्षेत १८६९ साली मुंबई इलाख्याचे श्रीपाद बाबाजी ठाकूर हे सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि रमेशचंद्र दत्त यांच्यासोबत उत्तीर्ण झाले, आणि वयाच्या हिशेबावरून ठाकूर व बॅनर्जी यांना अडवण्याचा यत्न झाला तो निराळाच. हिंदुस्थानावर राज्य करणाऱ्यांसाठी बनवलेली गाळणी, अशा रीतीने, राजाला हाकलून दिलेल्या प्रजासत्ताकाने आपल्या उपयोगासाठी मागवून घेतली. ही परकी, सरंजामी आणि लोकशाहीला न शोभणारी चीज आहे अशी ओरड तेथे झाली यात नवल नाही.

कायदा ओहायोचा डेमोक्रॅट सिनेटर जॉर्ज पेंडल्टन याच्या नावाने ओळखला जातो. पण तो मंजूर कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर १८८२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृह गमावले, आणि दोन वर्षांनी अध्यक्षपदही जाणार अशी धास्ती त्याला पडली. आपण नेमलेली माणसे शत्रूच्या हाती सापडून रस्त्यावर येणार हे दिसताच, कालपर्यंत परीक्षेची टवाळी करणाऱ्या सभासदांना गुणवत्तेचा साक्षात्कार झाला, आणि मावळत्या सभागृहांनी ३८ विरुद्ध ५ व १५५ विरुद्ध ४७ अशा मतांनी कायदा संमत केला. १६ जानेवारी १८८३ रोजी त्यावर सही केली ती चेस्टर आर्थरने, म्हणजे जकातघरातून हाकलल्या गेलेल्या त्याच कलेक्टरने. आणि पुढे त्याने कायद्याची अंमलबजावणीही प्रामाणिकपणे केली. पेंडल्टनला मात्र त्याच्या स्वतःच्या पक्षाने सिनेटवर पुन्हा पाठवले नाही.

आरंभी या कायद्याच्या छत्राखाली दहांत एक जागा होती. उरलेल्या हळूहळू आत आणण्याचा अधिकार अध्यक्षाला होता, आणि हा अधिकार ज्या मुहूर्तावर वापरला गेला त्यातच सुधारणेचे सारे रहस्य आहे. पराभूत झालेला अध्यक्ष जाता जाता आपल्या माणसांसकट एखादे खाते संरक्षित करून टाकी. १८८८ मध्ये हरलेल्या क्लीव्हलँडने रेल्वे टपालखात्याला असेच छत्राखाली घेतले; त्याच्या जागी आलेल्या हॅरिसनने हुकमाची तारीख दीड महिना पुढे ढकलली, तेवढ्या अवधीत शक्य तितकी माणसे बदलून घेतली, आणि मग तो हुकूम मोठ्या निष्ठेने अमलात आणला. लोभ आणि भीती यांच्या या आलटूनपालटून चाललेल्या खेळीत शतक संपेपर्यंत जवळजवळ निम्म्या जागा परीक्षेच्या कुंपणात आल्या. म्हणजे सद्गुणाची ही भिंत पायापासून कळसापर्यंत पक्षस्वार्थाच्या विटांनी रचली गेली, आणि तरीही ती चांगली मजबूत निघाली.

टॅमनी हॉल या न्यू यॉर्कच्या डेमोक्रॅट संघटनेचा पुढारी जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट हा न्यू यॉर्कच्या न्यायालयात बूटपॉलिशवाल्याच्या खुर्चीवर बसून प्रवचने देत असे, आणि मुलकी नोकरीच्या कायद्याइतका राष्ट्राला लागलेला दुसरा शाप नाही, असे त्याचे मत होते. नोकरी मिळणार नसेल तर तरुणांनी देशावर प्रेम का करावे, हा त्याचा प्रश्न होता. देशाचे प्रेम टिकले. पण पक्षाची तिजोरी रिकामी पडली, कारण कारकुनाच्या पगारातून खंडणी घेण्यास नव्या कायद्याने मनाई केली होती. ती पोकळी १८९६ साली रिपब्लिकन पक्षाचा सूत्रधार मार्क हॅना याने भरून काढली. मॅकिन्लीच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी त्याने बँकांवर त्यांच्या भांडवलाच्या शेकडा पाव इतकी आकारणी बसवली. कारकून सुटला आणि सावकार सापडला. फरक एवढाच, की कारकून वर्गणीच्या बदल्यात स्वतःची खुर्ची मागत असे, आणि सावकाराला कायदे व जकातीचे दर यांत रस असे. पुढे १९०७ च्या कायद्याने कंपन्यांच्या देणग्यांवरही बंदी आली, आणि पैशाने आणखी वेगळी दारे शोधली. राजदूतपदे तर अद्यापही दातृत्वाला दाद देतात. १९७४ साली निक्सनचा खाजगी वकील हर्बर्ट कामबाख याने, १ लाख डॉलरच्या देणगीच्या बदल्यात एका राजदूताला अधिक मानाच्या जागेचे आश्वासन दिल्याचा गुन्हा कबूल केला होता.

अलीकडे या कुळकथेला नवा अध्याय जोडला जात आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी एक फर्मान काढून, धोरणाशी संबंध येणाऱ्या कायम नोकरांचा, ज्यांना काढणे सोपे जाईल असा निराळा वर्ग निर्माण केला. जानेवारी २०२१ मध्ये बायडेन यांनी ते रद्द केले. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी ते पुन्हा जारी केले, आणि सरकारी अंदाजाने सुमारे ५०,००० जागांवर त्याचा परिणाम होणार आहे. या फर्मानाच्या बाजूने जॅक्सनचाच युक्तिवाद नव्या भाषेत मांडला जातो की, लोकांनी निवडलेल्याचे धोरण न निवडलेल्यांनी अडवू नये. आणि त्या युक्तिवादात तेव्हाइतकेच आजही तथ्य आहे. परंतु पेंडल्टनचा कायदा ज्या पायावर उभा राहिला तो पाया नीतीचा नव्हता, उद्या आपण हरू या धास्तीचा होता, आणि ज्या पक्षाला ती धास्ती उरत नाही त्याला कुंपणाचे प्रयोजनही उरत नाही. तेव्हा वॉशिंग्टनमधील ज्या सनदी नोकराला निवृत्तिवेतनापर्यंत सुखाने पोहोचायचे असेल, त्याने निवडणुकीच्या हंगामात अमक्या पक्षाचा किंवा तमक्या पक्षाचा जय चिंतू नये; पुढल्या निवडणुकीचा निकाल कोणालाही खात्रीने सांगता येऊ नये, एवढेच त्याने देवाजवळ मागावे.