जामच्या फाट्यावर

नागपूर-हैदराबाद रस्त्यावर, वर्धा जिल्ह्यातल्या जामला चंद्रपूरचा फाटा फुटतो. माझे अब्बा हिंगणघाटच्या कापसाच्या गाठी ट्रकनं न्यायचे. इथल्या ढाब्यावर ड्रायव्हरांच्या गप्पांच्या जागा ठरलेल्या असत: रस्त्याची खबर टायरजवळ, भाड्याचा हिशेब चहापाशी, घरची आठवण खाटेवर. झोपेचा विषय मात्र कुठंच निघत नसे.

१९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली. अब्बांना हे कुणी सांगितलं नाही. डोळे मिटू लागले, की ते आणखी एक चहा मागवत.

जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून न कळवता पळून गेल्यास होणाऱ्या १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी ठिकठिकाणी गाड्या थांबवल्या; सरकारला बोलणी करावी लागली. झोपेसाठी ते कधी थांबतील?