गुरूचा पाय

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. माझ्या हाताखालची काही मुले मात्र पदवीधर झाली. एकदा एका पालकाने भर वर्गात मला विचारले, "मास्तर, जे तुम्ही स्वतः केले नाही, ते पोरांना काय शिकवणार?" त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. ते पुढे सापडले, आणि तेही एका अमेरिकन खेळाडूच्या हकीकतीत.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. तिथे चेंडू लंबगोल, आणि तो बहुधा हातात घेऊनच पळायचे. त्या धुमश्चक्रीत एका गड्याचे काम मात्र निराळे. सोबत्याने जमिनीवर उभा धरलेला चेंडू लाथेने उडवायचा आणि दोन खांबांच्या मधून, १० फूट उंचीच्या आडव्या दांडीवरून पार करायचा. साधले तर ३ गुण. चेंडू मागे फेकल्यापासून लाथ बसेपर्यंत वेळ मिळतो जेमतेम सव्वा सेकंद. नेम चुकला, तर बोल लागतो त्या एकट्याला.

अ‍ॅडम विनाटेरी हा साउथ डकोटाचा मुलगा, जन्म १९७२चा. कॉलेजचा खेळ संपला, पण एकाही धंदेवाईक संघाने त्याला निवडले नाही. तेव्हा तो व्हर्जिनियातील अ‍ॅबिंग्डन या गावी डग ब्लेव्हिन्स यांच्याकडे शिकायला गेला. ब्लेव्हिन्स यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. वावरणे चाकांच्या खुर्चीतून. चेंडूला त्यांनी उभ्या जन्मात लाथ मारली नव्हती. पण लाथ कशी बसते याचा त्यांचा अभ्यास मोठा होता.

१९९६ साली अ‍ॅडम प्रथम अ‍ॅमस्टरडॅमच्या संघातून खेळला. त्याच वर्षी न्यू इंग्लंड पेट्रियट्सने १९७९पासून खेळत आलेल्या मॅट बारच्या जागी या नवख्याला घेतले. आरंभीच त्याचे नेम चुकू लागले. प्रशिक्षक बिल पार्सेल्स मोठे करडे. नोकरी जाते की राहते, अशी वेळ आली. पण तो टिकला. डिसेंबरात डॅलसविरुद्धच्या सामन्यात हर्शेल वॉकर हा वाऱ्यासारखा धावणारा गडी चेंडू घेऊन सुटला, तेव्हा अ‍ॅडमने पाठलाग करून त्याला लोळवले. सामना हरला, पण पोराने पार्सेल्सचे मन जिंकले. त्या मोसमात ३५पैकी २७ नेम त्याने साधले.

१९ जानेवारी २००२. रात्रीची वेळ, भरभरून पडणारे बर्फ. ओकलंडचा संघ ३ गुणांनी पुढे आणि खेळ संपायला अर्धे मिनिटही उरलेले नाही. खांब ४५ यार्डांवर. अ‍ॅडमने बर्फातून लाथ हाणली. चेंडू दांडीवरून गेला. बरोबरी झाली आणि जादा वेळेत त्याच्याच लाथेने विजय मिळाला. पंधरा दिवसांनी अंतिम सामन्यातही शेवटच्या क्षणी ४८ यार्डांवरून त्यानेच सामना जिंकून दिला.

त्या पालकाचा मुलगा आता एम. ए. झाला आहे. गेल्या दिवाळीत तो फराळाला आला, तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगितली. चकली मोडता मोडता त्याने विचारले, "पण मास्तर, स्वतः लाथ न मारता त्यांनी शिकवले तरी काय?"

मी म्हटले, "आपले कुठे चुकते, ते पाहायला शिकवले असेल. मलाही तेवढेच येते."

तो उठला आणि वाकून माझ्या पाया पडला.