माळ 'पडीक' कुणी ठरवला?

येवलेकरांनो, पाऊस पडला की आपल्याकडे श्रमदानाला उत्साह येतो. वृक्षारोपणाच्या बातम्या दरवर्षी मीच लिहितो. पण फावडी घेऊन ममदापूर-राजापूरच्या माळावर जाण्याआधी थोडा इतिहास बघू.

इंग्रजांच्या महसुली दप्तरात अशी माळरानं 'पडीक' ठरली. शेतसारा मिळत नाही, म्हणून पडीक! इंग्रज गेले, शिक्का राहिला. उघडा माळ दिसला की झाडं लावायची, ही सवय त्यातूनच मुरली. काळवीट मात्र उघड्या गवताळ रानातलं जनावर. लांबूनच धोका हेरायचा आणि सुसाट पळायचं, यावर त्याचा जीव वाचतो. गवत संपलं की ते आपल्या शेतात येतं, उघड्या विहिरीत पडतं.

1972 च्या वन्यजीव कायद्यात 2002 साली दुरुस्ती होऊन 'संवर्धन राखीव' हा प्रकार आला. जमीन सरकारी, पण आधी गावाशी चर्चा करायची आणि सल्लागार समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी घ्यायचा. 2014 मध्ये आपलं ममदापूर, 54.46 चौ. किमी, असं राखीव झालं.

म्हणजे या माळाबद्दल बोलायचा हक्क आपल्याला कायद्यानेच दिलाय. तो वापरू या. वनखात्याला विचारून उन्हाळ्यात पाणवठे भरू, वणव्याआधी जाळरेषा काढू, विहिरींना कठडे बांधू. झाडं गावात, शाळेत, रस्त्याकडेला लावू. माळावर गवत राहू द्या. काळविटाचं घर तेच आहे.