एका कॅसेटएवढा वेळ

शनिवार, सकाळी १० (उरले २१ तास)
दारात भंगारवाल्याची हातगाडी उभी आहे. वडिलांच्या १८० कॅसेटी तीन पोत्यांत भरून मी त्याच्या काट्यावर ठेवतो. मिरजेत जिथे गाणं, तिथे वडील टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसलेले असत: अंबाबाईच्या देवळातला नवरात्रोत्सव, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणात दर्ग्यात होणाऱ्या मैफली, सतारमेकर गल्लीतल्या घरगुती बैठका. फितींना आता बुरशी लागली आहे. ‘सगळं कॉम्प्युटरवर आलंय,’ मी बायकोला सांगतो, आणि ते खरं आहे. ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटंच लागतात. या कामात माझी तीन वर्षं गेली.

दुपारी १ (उरले १८ तास)
एकूण २७० तासांचं गाणं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला तासाला २ जीबीहून थोडं जास्त, म्हणजे सगळं मिळून सुमारे ५६० जीबी. ते २ टीबीच्या पाच वर्षं जुन्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहे. डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम आज पिवळी खूण करतो: ‘करंट पेंडिंग सेक्टर’ ८. आठ जागा डिस्कला धड वाचता येत नाहीत. मी प्रोग्रॅम बंद करतो. दुसरी प्रत आहेच.

दुपारी ४ (उरले १५ तास)
लेकीचा फोन. ‘बाबा, तिसरी डिस्क घ्या आणि आत्याकडे सांगलीला ठेवा. सगळं एकाच टेबलावर कशाला?’
‘अगं, रोज रात्री दोनला आपोआप कॉपी होते. काळजी करू नकोस.’
ती कॉपी कॉम्प्युटरच्या आतल्या एसएसडीवर होते. एसएसडी घेताना मी वेग पाहिला. कॉपीच्या प्रोग्रॅममध्ये ‘मिरर’ निवडलं, कारण दोन्हीकडे तंतोतंत सारखं राहावं असं वाटलं. तंतोतंत म्हणजे मूळ डिस्कवरून जे जाईल ते इथूनही जाईल, एवढा विचार मी केला नाही.

रात्री ८ (उरले ११ तास)
वळवाचा पाऊस. मी फायलींना रागांची नावं देतोय. वीज कडाडते आणि लाइट जाते. डिस्क यूएसबीच्या विजेवर चालणारी; लिहिता लिहिता बंद पडते. ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. चालू बदलांची वेगळी टिपणवही या पद्धतीत नसते. लिहिणं मध्येच तुटलं, तर कोणती फाइल कुठे आहे याची नोंदच मोडू शकते. तसंच झालं आहे.

रात्री १० (उरले ९ तास)
लाइट येते. डिस्क दुरुस्त करू का, असं विंडोज विचारते. मी होकार देतो. काम पूर्ण झाल्याचा निरोप येतो आणि मी कॉम्प्युटर चालू ठेवून झोपायला जातो. मुख्य फोल्डर उघडून पाहायला दहा सेकंदं लागली असती. ते रिकामं आहे.
एसएसडीवर मात्र २७० तास अजून जसेच्या तसे आहेत.

रविवार, पहाटे २ (उरले ५ तास)
मिरर सुरू होतो. मूळ फोल्डरमध्ये काही नाही, म्हणून प्रतीतलंही सगळं काढून टाकतो. हार्ड डिस्कवरची पुसलेली फाइल, तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पुष्कळदा परत मिळते. एसएसडीला विंडोज ‘ट्रिम’चा आदेश देते: या जागा मोकळ्या झाल्या. मग एसएसडी त्या आतून साफ करते.

सकाळी ७
चहा घेऊन ललत लावायला बसतो. एक फोल्डर रिकामं. दुसरंही रिकामं. हार्ड डिस्कमधून टक टक आवाज येतो; तिचं हेड जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही. मी भंगाराच्या गोदामाकडे धावतो. प्लास्टिकचा माल रात्रीच ट्रकने गेलेला.

नंतर
डेटा परत काढून देणाऱ्यांनी १९ तासांचं गाणं वाचवलं, तुकड्यातुकड्यांत, नावांविना. एका तुकड्यात तान संपते आणि माइकजवळ वडील हळूच ‘वाहवा’ म्हणतात. त्यांचा एवढाच आवाज आता घरात आहे.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम मी आता पाळतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. सांगलीला साधी हार्ड डिस्क ठेवली आहे. एसएसडी विजेविना फार काळ पडून राहिली तर तिच्यातला मजकूर विरू शकतो. पुसलेल्या फायली जपून ठेवणारा प्रोग्रॅम घेतला. दर महिन्याला डिस्क बदलून आणतो आणि तिच्यातलं एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकतो. वाजवून पाहिलेली प्रत हीच खरी प्रत.

सेकंदाला १०० एमबी या वेगाने ५६० जीबी तिसऱ्या डिस्कवर उतरवायला साधारण दीड तास लागतो, वडिलांच्या एका कॅसेटएवढा. त्या शनिवारी सकाळी दहापासून पहाटे दोनपर्यंत, लाइट नसलेले दोन तास सोडूनही, मला असे आठ दीड तास मिळाले होते.